एकोणचाळीस कोटांवरचा हिरवा डाग

आमच्या सासूबाईंची नजर म्हणजे घारीची. शिवणाच्या कारखान्यात त्या गेली सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर आहेत. त्यांच्या डोळ्यांतून सुटेल असा टाका अजून कुणी घातलेला नाही. घरीही तोच प्रकार. मी पुसलेल्या आरशावर बोट ठेवून "इथं राहिलंय" म्हणणारी बाई ती. त्यात मी त्याच कारखान्यात बटणांची काजं करते, म्हणजे चोवीस तास माझी सुटका नाही.

अशा बाईने एका मंगळवारी दवाखान्याचे एकोणचाळीस पांढरे कोट नापास केले.

"प्रत्येकावर हिरवट डाग आहे. गोल, तळहाताएवढा," त्या म्हणाल्या.

मॅनेजरनी कोट उलटेपालटे करून पाहिले. मी पाहिले, इस्त्रीवाल्याने पाहिले. कोट पांढरेशुभ्र होते.

"मावशी, वय झालं आता," मॅनेजर म्हणाले. "सोमवारपासून घरी आराम करा."

एरवी घरात शिरताच आरशावरून बोट फिरवणाऱ्या सासूबाई त्या दिवशी थेट स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. "काम गेलं तर जाऊ दे गं. पण मला दिसत होतं! डोळेच खोटं बोलायला लागले तर माणसानं विश्वास कशावर ठेवायचा?"

त्या डोळ्यांवर मी इतकी वर्षं चडफडले होते. आता तेच खरे ठरावेत असं मला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सासूबाईंनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि विचारलं, "खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?"

"नको, पुरे!" डॉक्टरीणबाईंनी आतून, बाहेरून, दिवे लावून सगळं तपासलं. "आजी, डोळे ठणठणीत आहेत. मला सांगा, डाग एका जागी असायचा, की नजर फिरवली की तोही फिरायचा?"

सासूबाई विचारात पडल्या. "फिरायचा खरा. बाहीवर बघितलं की मेला बाहीवर."

"आणि दोन कोटांच्या मध्ये काय बघत होता?"

"बिल्ले. खेळाडूंच्या सदऱ्यांना लावायचे, लाल, गोल. इस्त्रीहून पुढचा कोट येईपर्यंत हात रिकामा नको म्हणून साहेबांनीच सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाई खुर्चीत रेलून मनसोक्त हसल्या. "डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात. तुम्ही लाल बिल्ल्यावर टक लावलीत की त्यातल्या लालवाल्या दमतात. मग पांढरं समोर आलं की बाकीच्या दोघी काम करतात आणि या बसून राहतात. पांढऱ्यातला लालाचा वाटा कमी पडला की जे उरतं ते हिरवट दिसतं. हे सगळ्यांनाच होतं."

"बाकीच्यांनी राबायचं आणि एकीनं बसायचं," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आमच्या घरातल्यासारखंच."

त्यांच्या जिभेला पुन्हा धार आली होती, तेवढं मला पुरेसं होतं.

कारखान्यात पोचताच मी मॅनेजरांसमोर लाल बिल्ला धरला. "साहेब, अर्धं मिनिट. नजर हलवायची नाही." मग पटकन पांढरा कोट पुढे केला.

"अरे! डाग!" ते ओरडले. इस्त्रीवाला इतका हसला की इस्त्री बाजूला ठेवून त्याला खालीच बसावं लागलं. मग रांगेतल्या प्रत्येकीला तो बिल्ला बघायचा होता. मॅनेजर ओशाळून म्हणाले, "यापुढे बिल्ले वेगळ्या दिवशी. मावशी, कोट तेवढे पुन्हा बघा."

सासूबाई पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या. मग त्यांनी अडतीस कोट पास केले. एकोणचाळिसावा मात्र खाली ठेवला नाही.

"डाग आहे," त्या म्हणाल्या.

मॅनेजर हळूच म्हणाले, "मावशी, आणखी जरा डोळे मिटा."

त्यांनी मिटले. उघडले. बाहीकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, आणि कॉलरखाली बोट टेकवलं. "हा हलत नाही."

मॅनेजरांना चष्मा आणावा लागला. तेव्हा कुठे त्यांना मशीनच्या तेलाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला, वरच्या काजाच्या अगदी कडेला.

"काज कुणाचं?" सासूबाईंनी दरडावून विचारलं.

काज माझं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली, आणि बोलणी खाताना इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.