तिला कळतं का?

अपंग मुलांच्या केंद्राच्या व्हरांड्यात आयांचा एक बाक होता. मुलं आत सतरंज्यांवर व्यायाम करायची आणि आया बाहेर बाकावर बसून एकमेकींना आपापल्या लेकरांचं वाईट बोलायला शिकवायच्या.

त्याला कारण होतं. केंद्राचा हॉल, व्यायाम करून घेणारी ताई, मुलांना घरून आणणारी-पोचवणारी गाडी, सगळं नगरपालिकेच्या निधीवर चालायचं. दर वर्षी एक समिती बसायची आणि विचारायची, अजून गरज आहे का? आता आईचं तोंड कौतुकाला सैल. पोरानं एकदा चमचा धरला की ती सांगणार, हल्ली हातानं जेवतो बरं का. समिती म्हणणार, वा, सुधारला की, मग मदत कशाला? पोर होतं तिथंच आणि मदत मात्र गेलेली. एका आईचा मुलगा एरवी घरातली भांडी भिरकावायचा, पण तपासणीच्या दिवशी नेमका मांडी घालून शहाण्यासारखा बसला. "जन्मात एकदा गुणी वागला मेला, आणि तेवढ्यात वर्षभराच्या मदतीवर पाणी पडलं," असं ती सांगायची, आणि सगळ्या बाकाची हसून हसून मुरकुंडी वळायची. हसता हसता एखादी पदराने डोळे टिपायची. ते कशाचं पाणी, हे कुणी विचारत नसे.

बाकावरच्या या शाळेची हेडमास्तरीण म्हणजे काकू. काकूचा मुलगा चांगला दाढीमिशांचा गडी होता. त्याची दाढी काकूच करायची, त्याला जेवूही तीच घालायची. उचलण्याची ताकद मात्र आता तिच्या कंबरेत राहिली नव्हती. गाडीचा ड्रायव्हर आणि मदतनीस त्याला उचलून नेत, म्हणून तो घराबाहेरचं ऊन बघत होता. या वर्षी गाडी बंद करणार असं काकूच्या कानावर आलं होतं. समितीपुढे एका आईला बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा काकूनं बोट दाखवलं ते भिंगरीच्या आईकडे.

"तू कॉलेजात भाषणं ठोकून कप मिळवलेत ना? मग आता आमच्यासाठी एक ठोक."

भिंगरी सहा वर्षांची. पोटात असताना इतकी फिरायची की बापानं तेव्हाच नाव ठेवलं, भिंगरी. जन्मताना श्वास अडकला, मेंदूला मार बसला, आणि पोर ना बसू शकली ना बोलू शकली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, ते काढून घ्यायचं धाडस कुणाला झालं नाही.

आई मुलखाची काळजीवाहू. घास गिळला का, श्वास नीट आहे का, गादीला सुरकुती पडून पाठीला टोचतेय का, तिचे डोळे सदान्‌कदा लेकीवर. नवरा म्हणायचा, तू हिच्याकडे असं बघतेस जसं दूध उतू जायला आलंय. पण त्याच बघण्यातून तिला आधी कळलं की पोरीला कळतं. बापानं काही विनोद केला की भिंगरीचा श्वास क्षणभर थांबायचा आणि मग फुस्सकन सुटायचा. डॉक्टर म्हणाले, योगायोग. आई म्हणाली, योगायोग रोज चहाच्या वेळी कसा येतो?

व्यायामाच्या ताईनं तेवढं बोट धरून पुढं नेलं. 'हो' म्हणायचं तर डोळे वर, 'नाही' म्हणायचं तर मान भिंतीकडे. डोळे लवकर जमले. मान जमायला फार वेळ लागला, कारण मान वळवायची म्हणजे भिंगरीला सगळं अंग पणाला लावावं लागे, खांद्यापासून थरथर सुटे. पहिलं 'नाही' तिनं औषधाला म्हटलं. त्या दिवशी आईनं औषधाची बाटली तशीच बाजूला ठेवली आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडली.

तेवढ्यानं माणसाचं मन भरतं होय? केंद्राशेजारी एक शाळा होती. सुटायच्या वेळी आई उगाच फाटकाजवळ रेंगाळायची. मुली दप्तरं फरपटत यायच्या आणि आयांवर तोंड टाकायच्या. तू उशीर केलास, हा डबा कशाला दिलास, सगळ्यांच्या आया छान आहेत, तूच अशी. त्या आया वैतागायच्या, म्हणायच्या, बोलून बोलून डोकं खाल्लं हो हिनं. भिंगरीच्या आईला वाटायचं, कुणी माझंही डोकं खावं. गोड हाक नको, गाणं नको, नुसतं करवादलेलं एक वाक्य. तो आवाज बारीक असेल का बापासारखा घोगरा, हे ती भांडी घासतानाही मनाशी लावून बघायची. कधी हा, कधी तो. एकही पुरता बसत नसे.

बाकावर तयारी सुरू झाली. काकूनं पाठ घेतला. बसता येत नाही, म्हण. आईनं म्हटलं. हातात काही धरता येत नाही. तेही म्हटलं. मग काकू म्हणाली, आता मोठं वाक्य. तिला काही कळत नाही, म्हण.

"पण तिला कळतं, काकू."

"मला सांगतेस? माझ्याकडे बघून हसते ती. पण समितीच्या तक्त्याला कुठं कळतं? न कळणारं पोर 'तीव्र' रकान्यात. तीव्रला रोज व्यायाम. आणि तीव्र पोरं जास्त असली तरच गाडी. आता सांग, बाई, तुझं खरं धरून बसू का माझ्या पोराला घरात कोंडू?"

आईनं ते वाक्य म्हणून बघितलं. तोंडात खडा आल्यासारखं झालं. मग तिनं मनात एक पळवाट काढली. भिंगरीला ताईजवळ बाहेर ठेवायचं, वाक्य आत जाऊन बोलायचं, आणि दार बंद करून यायचं. लेकीला विचारायचं मात्र तिच्या मनातही आलं नाही. एरवी फ्रॉक लाल की निळा, हेही विचारणारी बाई ती.

समितीच्या दिवशी नेमकं पहिल्याच पावलाला फसलं. अध्यक्ष म्हणाले, मुलीला आत आणा ना, बघू तरी. माणूस वाईट नव्हता. सर्दीनं बेजार होता, तोंडात गोळी चघळत होता, आणि ताई चाकाची खुर्ची ढकलत आत आली तेव्हा त्यानं स्वतः उठून मधली खुर्ची बाजूला सरकवली. लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. मागे भिंतीशी आया, कडेला काकू आणि तिचा मुलगा.

आई बोलली, आणि छान बोलली. गाडी नसली तर काय होईल हे तिनं एकेका घराचा जिना डोळ्यांपुढे उभा करून सांगितलं. हॉलमध्ये मुलं काय शिकतात ते सांगितलं. कॉलेजातला आवाज कुठूनसा परत आला. लेकीला काय काय येत नाही तेही सांगून झालं, भराभर, तिच्याकडे न बघता. एक सदस्य मान डोलवू लागला. काकूच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग अध्यक्षांनी तक्त्यावर पेन ठेवलं आणि अगदी मऊपणे विचारलं,

"आणि आपण बोलतो ते तिला कळतं का?"

"नाही," आई म्हणाली.

अध्यक्ष चुकचुकले, बिचारी म्हणाले आणि लिहू लागले. तेवढ्यात खुर्ची करकरली. आईनं वळून बघितलं. भिंगरीची मान भिंतीकडे वळत होती. खांदा थरथरत होता, ओठाच्या कडेनं लाळ आली होती, पण मान वळत होती, आणि वळून तिथंच थांबली. खोलीत ताईखेरीज कुणाचं लक्ष नव्हतं. ताईनं पाहिलं आणि खाली बघितलं. एवढा वेळ ती मान कधीच टिकत नसे. आई वाट बघत राहिली, आता सुटेल, आता सुटेल. सुटली नाही.

"थांबा साहेब," आई म्हणाली. "मी खोटं बोलले."

पेन थांबलं.

"तिला कळतं. सगळं कळतं. ती तुम्हाला नाही म्हणून सांगतेय."

"ती तर काही बोलली नाही."

"मान भिंतीकडे म्हणजे नाही. डोळे वर म्हणजे हो. तुम्ही विचारून बघा."

अध्यक्षांना काय विचारावं ते सुचेना. त्यांनी नाक पुसलं, घसा साफ केला, आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, तुझी आई खोटं बोलली का? भिंगरीनं मान सोडली, दम घेतला, आणि डोळे वर केले. एक सदस्य हसला आणि मग कुणीच हसत नाही म्हणून गप्प झाला.

"मग मी हिला कुठल्या रकान्यात घालू?" अध्यक्षांनी विचारलं. प्रश्न खराच होता, टोमणा नव्हता.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," आई म्हणाली. तिचा कॉलेजातला आवाज केव्हाच गेला होता. "पण ही मान वळवायला ताईनं शिकवलंय, रोज गाडीतून आणून. ती ताई नसती, गाडी नसती, तर आज माझ्या पोरीला मला खोटं पाडता आलं नसतं. तुम्ही बिचारी लिहून मोकळे झाला असता, आणि मी पण."

चहानंतर त्यांना परत बोलावलं. गाडी चालू राहणार, हॉलही. भिंगरी मात्र तीव्रमधून मध्यममध्ये. म्हणजे व्यायाम रोज नाही, आठवड्यातून दोनदा. नियम आहे, अध्यक्ष म्हणाले, आणि तसं म्हणताना त्यांनी टेबलाकडे बघितलं.

बाहेर आया आईभोवती जमल्या. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, पोरीचे दिवस घालवलेस की गं. काकू मुलाच्या मानेखालची उशी सारखी करत राहिली.

"वेडी आहेस," मग ती म्हणाली. "मी इतकी वर्षं म्हणत आले, कळत नाही, कळत नाही. याच्यासमोरच उभी राहून. याला मान वळवता येत नाही, म्हणून मला जमलं."

ती खुर्ची ढकलत गाडीकडे गेली. मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होती. ते कुणालाच ऐकू आलं नाही.

गाडीत भिंगरी खिडकीशी होती. आई तिच्यापुढं, मदतनिसाच्या जागेवर उलटी बसली, तिच्या तोंडाकडे तोंड करून. आता आठवड्यातल्या दोन दिवसांत ताई काय काय करणार, मान घट्ट होऊन बसली तर, शिकलेलं विसरली तर, हे सगळं डोक्यात भणभणत होतं. पण त्याच्याही वर एक गोष्ट होती. भिंगरी तिच्याकडे बघत नव्हती. खोलीतून निघाल्यापासून एकदाही नाही. दुकानं जात होती, दिव्याचे खांब जात होते, ती त्यांच्याकडे बघत होती.

"रागावलीस?" आईनं विचारलं.

भिंगरीनं बऱ्याच वेळानं डोळे वर केले.

"मी तसं म्हटलं म्हणून?"

वर.

"का तुला न विचारता म्हटलं म्हणून?"

डोळे परत वर गेले, आणि या वेळी वरच राहिले. गाडी खड्ड्यातून गेली, सगळ्या खुर्च्या हलल्या, तरी खाली आले नाहीत. आईनं तिची लाळ पुसली. पोरीनं पुसू दिली, पण नजर दिली नाही.

आता हिला बोलता येत असतं तर हिनं मला काय काय सुनावलं असतं, असं आईला वाटलं. सगळ्यांच्या देखत सुनावलं असतं, ड्रायव्हरनं आरशातून बघितलं असतं, काकू म्हणाली असती, अगं हळू बोल, आई आहे तुझी. आईनं ती ओरड मनात रचायला घेतली. तू कोण मला कळत नाही म्हणणारी, इथवर शब्द जुळले. पुढे आवाज लागेना. बारीक लावून बघितला, घोगरा लावून बघितला.

ती गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं वाकली, लेकीच्या बंद ओठांच्या अगदी जवळ, आणि तशीच बसून राहिली.