घरटी एक हात

“मास्तर, हनुवटी जरा वर,” असं म्हणून त्याने वस्तरा टेकवला, तरी मास्तरांचं तोंड काही बंद होईना.

“हवामान बदललं म्हणे! अरे, हवामान म्हणजे काय जावई आहे, रोज नवी तऱ्हा करायला? खाडीचं पाणी माझ्या लहानपणीही गल्लीत यायचं. यायचं, घटकाभर बसायचं, निघून जायचं. आता त्याला मोठं नाव दिलंय आणि आपल्याला हाकलायला निघालेत. तू सांग, खोटं बोलतोय का मी?”

“छे छे, बरोबर आहे तुमचं.”

“आपण टेकडीवर गेलो की इथे हॉटेल उभं राहतं की नाही बघ.”

“राहणारच की.”

“बाकीचे लोक काय म्हणतायत?”

“सगळे तुमच्यासारखंच म्हणतायत, मास्तर.”

गल्लीत त्याला होयबा म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापाने याच खुर्चीमागे उभं राहून जन्म काढला आणि जाताना पोराला एकच शहाणपण देऊन गेला, की ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा असतो त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की गिऱ्हाईक मान हलवतं, मान हलली की रक्त येतं, आणि रक्त आलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. पोराने ते इतकं मनावर घेतलं की पुढेपुढे हातात वस्तरा नसतानाही त्याची मान डोलायला लागली. भाजीवालीपुढे, शेजाऱ्यापुढे, बायकोपुढे, कोणापुढेही. बरं, त्याला लबाड म्हणावं तर तसंही नव्हतं. समोरचा बोलत असेपर्यंत त्याला ते खरोखर पटायचं. गिऱ्हाईक उठलं की पटणंही त्याच्याबरोबर उठून जायचं, एवढंच.

पण या एका बाबतीत त्याला स्वतःचं मत होतं. त्याला गल्ली सोडायची होती, आणि अगदी मनापासून सोडायची होती.

गेल्या काही वर्षांत भरतीचं पाणी गटारातून उलटं वर चढायला लागलं होतं. पावसाचा थेंब नाही, वर लख्ख ऊन, आणि गल्लीत पाणी. होयबाचं घर दुकानाच्या मागेच, तळमजल्यावर. भिंतींची ओल कमरेपर्यंत चढलेली, पलंगाखाली बुरशी, कपाट उघडलं की कुबट वास. त्या खोलीत त्याची नात वाढत होती. पोरीची छाती रात्रभर वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, औषधं देतो, पण याच खोलीत ठेवणार असाल तर औषधं म्हणजे पाण्यात पैसे. मुलाने मग स्पष्टच सांगितलं होतं. टेकडीवर जागा मिळाली तर राहू सगळे एकत्र. नाही मिळाली तर मी बायको-पोरीला घेऊन सासऱ्यांच्या गावी जातो, तिथे कामाचं बघून ठेवलंय.

नगरपालिका टेकडीवर घराला घर आणि दुकानाला दुकान द्यायला तयार होती. अट एवढीच, की गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांनी हो म्हणायला हवं. नाहीतर ती जागा खाडीपलीकडच्या वस्तीला मिळणार. आज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. घरटी एक हात, म्हणजे घर ज्याच्या नावावर त्याने वर करायचा.

मास्तरांनी याला शाळेत पाढे शिकवले होते, छडीनेच शिकवले होते. आता ते निवृत्त होऊन दुसऱ्या मजल्यावर राहत. पाण्याने त्यांची चप्पलसुद्धा कधी भिजवली नव्हती.

मास्तर गेले आणि औषधवाला आला. हा गल्लीत नवा, तरुण, सदा घाईत. टेकडीवर जायचं म्हणून सगळ्यात आधी हाच ओरडायला लागला होता.

“मानेवरचे तेवढे कमी करा, काका. मास्तर आले होते ना? काय म्हणत होते, पूर्वीही पाणी यायचं? पूर्वी वर्षातून एकदा यायचं, आता महिन्याला येतं. पाण्याला आपलं मत विचारायची सवय नसते हो. तुम्हाला काय वाटतं?”

“बरोबर आहे तुमचं,” होयबा म्हणाला. आणि गंमत अशी, की या वेळी ते आतून आलं होतं. पण नाणं खरं असो की खोटं, त्याच्याकडे छाप एकच.

“आपली माणसं येतील ना सगळी? की दुकान बंद करून एकदा दारोदार फिरून येऊ?”

“कशाला? सगळेच जायचं म्हणतायत. ठरल्यात जमा आहे.”

औषधवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुकान बंद न करता दिवसभर गोळ्या विकल्या. दुपारी शिंपी येऊन बसला, त्यालाही टेकडीवरच जायचं होतं. त्याला कळलं की सगळ्यांचं ठरलंच आहे, तेव्हा म्हणाला, मग माझ्या एका हाताने काय होतंय, मी आपले कपडे उरकतो, ऑर्डर पडून आहे. टेम्पोवाल्यानेही तेच ऐकलं आणि तो भाडं घेऊन गावाबाहेर गेला. इकडे मास्तर मात्र काठी टेकत टेकत घरोघरचे जिने चढत होते. होयबाच्या शब्दावर विसंबून त्यांनी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं.

तो जेवायला घरात आला तेव्हा बायको नातीच्या छातीला तेल चोळत होती.

“संध्याकाळी हात वर कराल ना?”

“करणार म्हणजे काय! करणारच.”

“असं नका बोलू माझ्याशी,” ती म्हणाली. “हे तुमचं दुकानातलं बोलणं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. तुमच्या आईला हो, मला हो, आणि शेवटी व्हायचं ते आईच्याच मनासारखं. मी कधी बोलले नाही. आज तोंडाने हो म्हणू नका. नुसता हात वर करा. तेवढं केलंत तर जन्मात परत काही मागणार नाही.”

त्याने मान डोलावली. तिने ती बघितली आणि तेलाची बाटली बंद केली.

सभेला हॉल अर्धाच भरला होता. औषधवाला दारात उभा राहून सारखा रस्त्याकडे बघत होता. शिंपी दिसेना, टेम्पोवाला दिसेना. मास्तरांची माणसं मात्र झाडून आली होती, काठ्या घेऊन, चष्मे लावून, एका आजोबांना तर खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मास्तरांनी होयबासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. “ये रे, बस इथे,” म्हणाले, आणि तो बसला. दुसरीकडे बसतो असं म्हणणं त्याच्या जिभेला माहीतच नव्हतं.

भांडण व्हायचं तसं झालं. मास्तर म्हणाले, ऊन वाढलं, समुद्र चढला, ही सगळी शिकलेल्यांची कारणं आहेत, जागा लाटायची असली की सुचतात. औषधवाला म्हणाला, दुसऱ्या मजल्यावरून समुद्र खालीच दिसतो, मास्तर. कोणीतरी ओरडलं, तुझं काय जातंय, पाणी आलं की तुझा खोकल्याचा धंदा जोरात. औषधवाल्याचा चेहरा पडला. नगरपालिकेचे साहेब घड्याळाकडे बघत होते. पलीकडच्या वस्तीचे लोक हो म्हणून मोकळे झाले होते, त्यामुळे साहेबांना इथे काहीही ठरलं तरी सारखंच होतं.

“टेकडीवर ज्यांना जायचंय त्यांनी हात वर करा,” साहेब म्हणाले.

हात वर व्हायला लागले. होयबाला मागे वळायची गरज नव्हती. बायको मागच्या रांगेत बसलेली आहे, नात तिच्या मांडीवर आहे आणि ती आपल्या पाठीकडे बघते आहे, हे त्याला पाठीनेच कळत होतं. त्याने हात उचलला. खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. मास्तरांनी मान वळवून बघितलं. रागाने नाही, जरा कौतुकानेच बघितलं, वर्गातल्या ढ पोराने उत्तर द्यायला हात वर करावा तसं.

“काका, तुमचा हात वर आहे की खाली?” साहेबांनी विचारलं. “नक्की सांगा, मोजायचाय.”

सगळा हॉल त्याच्याकडे बघायला लागला. एवढी गिऱ्हाइकं त्याने एका वेळी कधी पाहिली नव्हती.

“नाही, साहेब,” तो म्हणाला, “डोकं खाजत होतं.”

हॉल खो-खो हसला. औषधवालासुद्धा हसला, बिचारा. हात कमी पडले. फार नाही, थोडेच कमी पडले. शिंपी, टेम्पोवाला आणि असेच आणखी चार-दोन आले असते तर भागलं असतं. पण ते हिशेब नंतरचे. साहेबांनी कागद गुंडाळले आणि गेले.

घरी बायको काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला हो म्हणता आलं असतं. रविवारी मुलाने सामान बांधलं, तर त्यात तिचीही पिशवी होती. “पोर माझ्याशिवाय झोपत नाही,” एवढंच तिने सांगितलं. किती दिवसांसाठी जातेस, असं विचारायचं सोडून त्याने तिची पिशवी दारापर्यंत नेऊन ठेवली. नात त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, आजोबा, तुम्ही पण चला. “येतो हं,” तो म्हणाला. पोरीला तेवढं पुरलं. सून डोळे पुसत पाया पडली. बायको जाताना स्टोव्ह कसा पेटवायचा ते सांगून गेली आणि ओल्या भिंतीपासून पलंग ओढून मध्ये ठेवून गेली.

मंगळवारी मास्तर दाढीला आले. खुशीत होते. पलीकडची वस्ती टेकडीवर सामान चढवते आहे, आता बसतील तिथे पाण्यावाचून बोंबलत, असं सांगत होते. होयबाने साबण लावला, एक गाल केला, आणि वस्तरा थांबवला.

“मास्तर, मला जायचं होतं टेकडीवर.”

मास्तरांनी एक डोळा उघडला.

“खरंच सांगतो. पोर आजारी होती माझी. तुम्ही म्हणता ते मला कधीच पटलं नव्हतं. माझं घर मोडलं, मास्तर. तुम्ही मोडलंत आणि मीही मोडलं.”

मास्तर आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते इतके हसले की त्याला वस्तरा उचलून धरावा लागला.

“अरे लेका,” ते डोळे पुसत म्हणाले, “औषधवाल्यासाठी पाठ करून ठेवलेलं मला ऐकवतोस होय? त्याच्यापुढे म्हण. खूष होईल तो.”

होयबाने आणखी काही बोलायचा प्रयत्न केला. पण मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, आणि बाहेर भरती लागली होती. उंबऱ्यावरून पाण्याची एक पातळ पट्टी आत आली, कापलेले केस उचलून घेऊन कोपऱ्याकडे निघाली. मास्तरांनी पाय वर घेऊन खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

“मिशाही जरा बारीक कर,” ते म्हणाले.

त्याने दुसरा गाल संपवला, कात्री घेतली, आणि तोवर घोट्यापर्यंत चढलेल्या पाण्यात उभा राहून तो मिशा बारीक करू लागला.