उंबराखालची नदी

“बाटली उलटी बुडवा, पुष्पाताई. शेवाळ आत यायला नको,” कीर्ती मॅडम काठावरून म्हणाल्या.

पुष्पा झरी गावाची जलसुरक्षक. विहिरीत पावडर टाकायची आणि डहाणूच्या प्रयोगशाळेतून मॅडम आल्या की नदीचे नमुने भरून द्यायचे, हे तिचं काम. पाणी गुडघाभरच होतं. तळाचे दगड हिरवेगार दिसत होते.

“सासूबाई कशा आहेत?”

“गेल्या. पंधरा दिस झाले.”

“अरे! काय झालं?”

“हितंच घसरल्या. धुण्याच्या दगडावर. खुबा मोडला, मंग उठल्याच नाय.”

पुष्पानं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“मॅडम, हा शेवाळ पयला नव्हता. साबण तर तवाबी पडायचा.”

“सावली होती ना तेव्हा. पाणी उथळ, त्यात थेट तळापर्यंत ऊन पोचलं की शेवाळ वाढतं. इथली झाडं कधी तोडली?”

“दिवाळीच्या आधी. तीन उंबर, दोन करंज.”

“कशासाठी?”

“कापडा सुकत नव्हता. साप निघायचे. ग्रामसभेत मीच उठून सांगितला, तोडा म्हणून. सासू एकटी नको बोलत होती.”

मॅडमनी वहीतून मान वर केली. “असं धरून बसू नका. माणूस कुठेही घसरतो.”

“झाडा असती तर शेवाळ कमी असता ना?”

“कमी असतं,” मॅडम हळूच म्हणाल्या.

पुष्पाला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. पाय गार पडले होते, तेवढंच कळत होतं. तिनं बाटलीवर गावाचं नाव लिहिलं, तारीख विचारून घेतली, सही केली.

मॅडमची स्कूटर गेल्यावर ती पंचायतीच्या खोलीत गेली आणि टाकी घासायचा ब्रश घेऊन परत आली. सासू घसरली त्या दगडावर उकिडवी बसून घासू लागली. हिरवा लगदा सुटून पाण्याबरोबर वाहत गेला.

गावातली नवशी धुण्याचं बोचकं घेऊन आली. “चार दिसांत परत धरल तो शेवाळ,” ती म्हणाली.

“धरू दे.”

पुष्पानं तिला हात देऊन घासलेल्या दगडावर उभं केलं आणि स्वतः शेजारच्या दगडाकडे सरकली.