गोड्या पाण्याने धुतलेला कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. टॅबच्या कव्हराला जोडलेला, घडी घालून पिशवीत मावणारा. जुना म्हणजे काय, एक उन्हाळा जगलो तेवढंच. स्वस्त मालाचं म्हातारपण लवकर येतं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. डोळे उघडले ते पेणच्या एका दुकानात. माझ्या वरच्या फळीवर एक महागडा कीबोर्ड होता. त्याच्या बटणांवर कापडासारखं अखंड आवरण. पाणी सांडलं तरी आत थेंब जायचा नाही. माझ्या बटणांच्या फटींतून मुंगीसुद्धा आरामात आत जाईल. हे मी लपवत नाही. दुकानदाराने लपवलं.

एका दुपारी मिठागरात राबणारे काळुराम आणि त्यांची मुलगी अपेक्षा दुकानात आली. मामाने दिलेला टॅब तिच्या हातात होता. धाटावच्या कंपन्यांची टायपिंगची कामं घेणारं एक ऑफिस रोह्यात आहे. तिथली परीक्षा आपापल्या टॅबवर द्यायची. ती पास झाली की तिला घरबसल्या काम मिळणार होतं. नाहीतर आईबापाच्या मागून मिठागर आहेच. काळुराम महागडा घ्यायच्या तयारीनेच आले होते. खिशावरचा हात काढत नव्हते.

"खाऱ्या वाऱ्यात टिकंल असा दाखवा," ते म्हणाले.

दुकानदाराने आधी त्यांचे पाय पाहिले. मिठाने चिरलेले, पांढरे पडलेले. मग मला उचलून काउंटरवर टाकलं.

"हा न्या. तुमच्या पोरीला हा लय झाला."

"आन् तो वरचा?"

"तो साहेबलोकांचा, काका. त्याला हात धुऊन लावावा लागतो!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. काळुरामांचा खिशावरचा हात खाली आला. "बांधा हाच," एवढंच म्हणाले. मित्रांनो, पैसे असूनही माणूस असा लाजेपायी हलका माल घेऊन घरी जातो.

अपेक्षाने माझ्यावर जीव टाकला. घरात नेटवर्क नाही, म्हणून ती मिठागराच्या बांधावर बसून सराव करायची. तिची बोटं अशी पळायची की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. पण वाऱ्यातलं मीठ फटींतून आत शिरत होतं. परीक्षा जवळ आली तशी माझी बटणं करकरू लागली, अडकू लागली.

तिची आई सीताबाई ते बघत होती. मिठागरात राबणाऱ्यांच्या घरांत एक रीत आहे. मिठातून आलेली वस्तू गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ठेवायची नाही. फावडं असो, सायकल असो. परीक्षेच्या सकाळी अपेक्षा वेणी घालत होती, तेव्हा सीताबाईने मला अंगणात नेलं. टँकरचं प्यायचं पाणी तांब्यात घेतलं. "मीठ खातंय रे तुला," असं पुटपुटत एकेक बटण बोटाने चोळून धुतलं. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. त्याच हातांखाली मी मेलो. तिने मला फडक्याने पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

रोह्याच्या ऑफिसात अपेक्षाने मला उघडलं, तर फटीतून पाणी ओघळलं. तिने पुन्हा पुन्हा बटणं दाबली. एक अक्षर उमटेना.

"टॅबच्या काचेवरच कर टाईप," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "वेळ वाढवून मिळणार नाही हं."

काचेवर तिची बोटं अडखळत राहिली. शेजारच्या टेबलावर वरच्या फळीवरच्यासारखाच एक महागडा होता आणि त्याच्यावर कुणाची तरी बोटं सुसाट चालली होती. वेळ संपली तेव्हा अपेक्षाचं अर्धं पानही झालं नव्हतं. काम गेलं.

घरी सीताबाई दारातच उभी होती.

"झाला का गो पेपर?"

"नाय झाला, आये. कीबोर्ड बंद पडला."

"मी धुतला म्हणून?"

अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"नाय गो. खारा वारा लागला त्याला."

मित्रांनो, तुमच्यातला कोणी उद्या दुकानात बसला, तर गिऱ्हाइकाचे पाय बघू नका. वस्तू कुठे राहणार ते विचारा आणि खरं काय ते सांगा. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर वरच्या फळीवरची वस्तू खाली काढायला लावा. हसणारे हसू देत.

मी आता त्याच फडक्यात गुंडाळून पडलो आहे. त्या दिवशी सीताबाई बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी म्हणाली, "मीच उशीर केला. नवा आणलास की पयल्या दिसापासून धुईन."