जाणाऱ्याचा रांजण

उखर्डूने सकाळपासून तिसऱ्यांदा रांजणाचं झाकण उचललं. तळाशी वीतभर पाणी होतं.

त्याच्या पडवीत उतरणाऱ्यांसाठी एकच कायदा होता. जाणाऱ्याने नाल्यावरून रांजण भरून ठेवायचा, मागून येणाऱ्यासाठी. बुऱ्हाणपूरला निघालेले गाडीवाले हे न सांगता करत. पण संस्थान विलीन झालं, वाटेवरचा जकात नाका उठला, आणि तिथं अडकून इथं मुक्काम करणाऱ्या गाड्या सरळ पुढचं जैनाबाद गाठू लागल्या. सहा खाटांपैकी काल एकच भरली, आणि तीही कडूने.

कडू त्याचा धाकटा भाऊ, त्याच नाक्यावरचा शिपाई. आठ वर्षांपूर्वी त्याने सख्ख्या भावाची कापसाची गाडी अडवली होती. कायदा म्हणजे कायदा, म्हणाला होता. अवकाळी पावसात सगळा कापूस भिजला, आणि दोघांचं बोलणं तुटलं. काल दुपारी तो वळकटी घेऊन आला आणि परक्यासारखा पडवीत बसला. उखर्डूनेही परक्यासारखीच भाकर वाढली. राहा म्हणायला जीभ रेटेना. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, तशातली गत. या वयात एवढा ताठा कशाला, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला होता.

"नोकरी गेली त्याची. एक शबद बोला ना," चुलीजवळून भागाबाई, उखर्डूची बायको, म्हणाली. "निघून जाईल तो."

"मी कायले बोलू? गाडी मी अडवली होती का?"

एवढ्यात कडू उठला आणि घागर घेऊन नाल्याकडे चालू लागला. रांजण भरायला चालला, उखर्डूला वाटलं. म्हणजे हा निघालाच.

कडू भरली घागर खांद्यावर घेऊन आला. रांजणापाशी थांबला नाही. गोठ्यात जाऊन त्याने बैलांची डोणी भरली. दुसरी घागर आणली, ती स्वयंपाकघराच्या दाराशी भागाबाईच्या हाती दिली. मग पडवीत येऊन बसला.

उखर्डूने घसा खाकरला.

"रांजण राहिला."

"तो जाणाऱ्यानं भराचा," कडू खाली बघत म्हणाला. "कायदा तुझाच आहे, भाऊ."

उखर्डूने वाकून कडूची वळकटी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.