ऋषीच्या भाजीवरचा फवारा

मी एक जुना, पाठीवर बांधायचा फवारणीचा पंप आहे आणि मित्रांनो, मी भयंकर वैतागलेलो आहे. पंप वैतागत नसतो असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, एकोणीसशे ब्याऐंशी साली झाला. अंबादास नावाच्या कारागिराने मला पितळेच्या पत्र्यातून घडवलं. चाचणीसाठी त्याने पहिला दांडा मारला, तेव्हा माझा फवारा असा काही सुटला, की तिकडे वाकोल्यात बायकांनी वाळत घातलेले पापड पटापट घरात नेले. खोटं वाटतं? नका मानू. पुढचं मात्र मानावं लागेल.

अंबादासने मला आपल्या बहिणीच्या घरी, बोरीवलीला पाठवलं. बहिणीचं नाव रत्नप्रभा. नॅशनल पार्कच्या कुंपणालगतच्या बैठ्या चाळीत ती राहायची. तिचा नवरा लवू गिरणी बंद पडल्यापासून घरीच होता. चाळीमागचा जमिनीचा तुकडा कुदळीने खणून तो भाजी लावायचा. पहिली दोन वर्षं तो माझ्यात साधं पाणी भरून भेंडीवरची धूळ धुवायचा. मला चिंचेने घासून लखलखीत ठेवायचा, आल्यागेल्याला दाखवायचा. काय रुबाब होता माझा!

या भाजीवर रत्नप्रभाचा मोठा मान अवलंबून होता. ऋषीपंचमीला चाळीतल्या अकरा बायका तिच्याकडे ऋषीची भाजी खायला यायच्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. बाजारातली भाजी कुणाच्या नांगराखालची, कुणास ठाऊक! रत्नप्रभाची मात्र हातखणीची. भोपळा, काकडी, चवळी, भेंडी, सगळं घरचं.

चौऱ्याऐंशी साली पंचमीला महिना उरलेला असताना चवळीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे कामाला लागले होते. त्यांची पिल्लं तर आईबापांहून खादाड. पंगतीला उशिरा पोचलेल्या भटजीसारखी मावा मटकावत होती. पण त्या पिल्लांचं रूप असं, की काळी, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके. लवूने ती पाहिली आणि ओरडला, "नंदकुमार, हयसर ये रे! सुसरीचां पिल्लू बघ पानावर!"

नंदकुमार शेजारच्या खोलीतला. कचेरीत कारकून होता, त्यामुळे आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं असं त्याचं मत.

"वाट लागली तुझ्या भाजीची!" तो म्हणाला. "हेच खातायत सगळं. मार औषध."

"बाटलीवर दोन झाकणां सांगितलीत."

"दोन लिहिणारा घाबरट असतो रे. चार घाल!"

चार! खोकल्याचं औषध घेतो का हा असं? आणि वेळ कोणती, तर सकाळी आठची. भोपळ्याची फुलं तेवढीच दोन-चार तास उघडी असतात. प्रत्येक फुलात मधमाशी परागात लोळत होती. मी काय केलं असेल? तोटीत कचरा धरून तुंबून बसलो. लवूने टाचणी घातली, तोटी मोकळी केली आणि दांडा मारला. झालं. सुटलो मी.

मधमाश्या टपाटप पडल्या, पायांना पिवळा पराग तसाच. ढालकिडे पडले, पिल्लं पडली. मावाही मेला, पण आठवड्यात दुप्पट होऊन परत आला आणि आता त्याला खायला कोणी उरलं नव्हतं. नंदकुमार काय म्हणाला असेल? "आणखी मार!" डोकं आपटायला भिंत असती तर मी आपटलं असतं.

भोपळ्याची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. एका सकाळी रत्नप्रभा वेलापाशी उभी राहिली.

"अहो, कान लावा. वेलार गुणगुण आसा काय?"

"नाय."

"मग भोपळो खंयसून धरतलो?"

"अगो, औषध किड्यांचा होता. माशयेचा नाय."

"औषधाक काय डोळे आसत?"

माझं पितळ त्या क्षणी काळं पडलं. तेव्हापासून कितीही चिंच लावा, उजळत नाही.

पंचमीला अठरा दिवस उरले होते. रत्नप्रभाने नंदकुमारचं दार वाजवलं.

"भावोजी, चार झाकणां तुमची ना? चला मग."

"वहिनी, ऑफिसला उशीर होईल."

"माशयेक कधी उशीर झालेलो बघितलात?"

मग रोज सकाळी तिघं वेलात वाकलेली. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पराग मादी फुलात हलकेच घासायचा. नंदकुमारने पहिला अर्धा तास नरावर नर घासला.

"अहो भावोजी, दोघे बाप्ये ते! खाली बोंड असलेला फूल बघा."

बाकीचा वेळ लवू चवळीवरचा मावा बोटांनी पुसत बसायचा. तीन माणसं अठरा दिवस राबली. भोपळे धरले दोन, नारळाएवढे. काकड्या पाच.

पंचमीला अकरा बायका बसल्या. प्रत्येकीच्या पानात एक-एक पळी भाजी. नलिनी नावाची शेजारीण बोललीच, "काय गं रत्ना, दरवर्षी पातेलं भरून असते. यंदा एवढीशीच?"

रत्नप्रभाने पळी खाली ठेवली.

"दरवर्षी आपण बैलाचे कष्ट नको म्हणून मिरवतो. माशयेचे कष्ट खात होतो, ते कोणाला दिसले? यंदा खरी आमच्या हातची भाजी आहे गो. म्हणूनच एवढीशी."

नंदकुमार दारात उभा होता, तो हळूच सटकला.

मित्रांनो, मी आता माळ्यावर असतो. पण तुमच्याकडे माझी भावंडं असतीलच, म्हणून सांगतो. आधी पान उलटून बघा, कोण कोणाला खातंय. फुलं उघडी असतील तर पंपाला हात लावू नका. दोन झाकणं म्हणजे दोनच. मी पंप आहे. दांडा मारला की सुटतो, मला थांबता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग थांबा की!