चाकाखालचे गुटके

रोहिणखेड मागे टाकून धम्मरत्नने गाडी तलावाच्या वर, पळसाखाली थांबवली. सुचिताला चाकाच्या खुर्चीत बसवले, ब्रेक लावला आणि चाके घरंगळू नयेत म्हणून दोन्ही चाकांपुढे सागवानी लाकडाचे गुटके ठोकले. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत उभी हयात गेलेली. यंत्र आधी बांधायचे, मग हात लावायचा, हा त्याचा नेम निवृत्तीनंतरही सुटला नव्हता.

"मले बी येऊ द्या नं संगं," सुचिता म्हणाली.

"आधी उतार पाहून येतो. घसरली म्हंजे?"

"तुमी मले पाह्याले आलते, तवाबी पाणसळच आनली होती का?"

"तवा आनाले पायजे होती," तो हसला आणि उतार मोजायची पाणसळ काखेत मारून पायवाटेने खाली उतरला.

अपघातानंतर त्यानेच तिला उभारी दिली होती. पाय गेले, पण हात तर आहेत, म्हणत त्याने लेथवर लोखंडी वजने कातून दिली. रोज पहाटे अंगणात तो जोर काढी, ती वजने उचली. दोघांचे श्वास एका लयीत चालत. मग रविवारी रानात जायचे ठरले. पण प्रत्येक वेळी तो वाट तपासायला पुढे जाई आणि ती गाडीजवळच राही. परत येऊन तो सारे सांगे: पाणी कसे होते, हरणे कुठून गेली. तिला रान ठाऊक होते ते त्याच्या तोंडूनच.

आज खाली पाण्यावर तांबूस चक्रवाक बसले होते. होळी जवळ आली होती; आता ते थंडीचे पाहुणे फार दिवस राहणार नव्हते. एकदा तरी ते त्याच्यासोबत जवळून पाहायचे, एवढेच तिच्या मनात होते.

"अहो!" तिने हाक मारली. सौम्य उतार शोधत तो वळसा घालून पार पलीकडे गेला होता. हाक तिथवर पोचली नाही.

गुटक्यांपर्यंत हात पोचेना. तिने ब्रेक सोडला, खुर्ची हिसक्याने मागे ओढली, एक चाक धरून दुसरे फिरवले आणि गुटके चुकवून बैलगाडीच्या चाकोरीला लागली. वेग आवरायला चाकांच्या कड्या हातांनी आवळत, खांदे भरून येईतो, ती हळूहळू काठाशी पोचली. 

चक्रवाक उडाले. साऱ्या पाण्यावर पंखांचा पांढरा झपाटा पसरला.

"पाह्यलं का हो?" ती मान वळवून म्हणाली. शेजारी कोणी नव्हते. पलीकडच्या काठावर धम्मरत्न ओणवा होऊन पाणसळीतला बुडबुडा पाहत होता.

थोड्या वेळाने तो वर पळसाखाली गेलेला दिसला. गुटके उचलून तो चौफेर पाहत राहिला. तिने हात हलवला. तो धावतच खाली आला.

"हे गुटके असून निघाली कशी?"

"पाखरं होती. उडाली."

"मले हाक नाही मारली काऊन?"

"मारली होती."

काठ उतरता होता. सवयीने तो गुटके लावायला वाकला. तिने त्याचे मनगट धरले.

"ते राहू द्या. तुमीच धरा."

त्याने गुटके खाली टाकले आणि मागे जाऊन खुर्ची धरली. पाणी रिकामे होते. दोघेही तिकडे पाहत राहिले. तो मागे होता, त्यामुळे त्याचा चेहरा मात्र तिला दिसत नव्हता.